सतरा नंबरची गाय

"आजी, तुमच्या गायीनं दोन तासांपासून रवंथ थांबवलाय. पडून आहे. हलत नाही. लवकर बघा, ती मरायला लागलीय!"

फोन लातूरच्या हापिसातून होता. मी माझ्या शेतात कडब्याच्या कोपीपुढं बसले होते आणि माझी गाय कबरी माझ्यासमोर चारी पायांवर उभी राहून पेंढी ओढत होती. मरणाचं कुठलंही लक्षण तिच्या तोंडावर नव्हतं. उलट ती इतक्या मजेत चघळत होती की मलाच भूक लागली.

मी तिच्या गळ्याकडं बघितलं. गळा मोकळा होता. रवंथ मोजायच्या यंत्राचा पट्टा त्या गळ्यात नव्हता, आणि तो कुणाच्या गळ्यात आहे हे साऱ्या जगात मला एकटीलाच ठाऊक होतं.

पट्टा पट्टीबंधकांच्या गळ्यात होता.

येळवशीचा दिवस. आमच्याकडं या अमावस्येला सारं गाव शेतात जेवायला जातं, घरात मांजरसुद्धा राहत नाही. पट्टीबंधकांना स्वतःचं शेत नव्हतं, म्हणून ते दरसाली सगळ्यांच्या शेतात जेवायचे. सकाळी सगळ्यात लांबच्या शेतापासून सुरुवात, एकेका कोपीत सगळ्या भाज्यांची घासभर भज्जी आणि घोटभर आंबील, आणि शेवटी माझ्याकडं. ऊन उतरायला लागलं तरी ते आले नव्हते. भज्जी गार झाली म्हणून मी मनातल्या मनात त्यांना शिव्या देत होते. आता कळलं, ते कुठंतरी पडलेत. पुढं अमावस्येचा अंधार आणि पुसाच्या तोंडची थंडी. सत्तरी ओलांडलेला माणूस एवढ्या शिवारात अंधारात कुणाला सापडणार, आणि सकाळपर्यंत उरणार किती?

हे पट्टीबंधक माझ्या पुढच्या खोलीत राहायचे. त्यांची सारी नोकरी जनावरांच्या दवाखान्यात जखमा धुण्यात आणि पट्ट्या बांधण्यात गेली. देवणी, उदगीर, निलंगा, जिथं बदली होईल तिथं. गाव त्यांना डाक्टर म्हणायचं, त्याचा त्यांना राग यायचा. "मी पट्टीबंधक हाय, पट्टीबंधकच म्हणा. खोटा मान पचत न्हाई मला." बायको कधीच वारली होती. लेक कंधारला दिलेली. ती बोलवायची, पण हे जायचे नाहीत. कारण विचारलं तर म्हणायचे, "तिच्याकडं नुसत्या म्हशी हायत. म्हशींचं अन् माझं पटत न्हाई."

मी त्यांना खोली दिली ती दया येऊन नाही. माझा गुडघा गेला होता आणि गायीखालचं शेण काढायला माणूस हवा होता.

माणसांना ते अरे-तुरे करायचे आणि गायीला अहो-जाहो. सरपंच समोर आला तरी "ए, सरक, सावली अडवू नको." आणि कबरीला मात्र, "जरा पाय उचलता का बाई? बरं वाटतंय ना आज?" मी एकदा म्हटलं, "मला 'आक्का, ए आक्का' करता अन् माझ्या गायीला 'अहो बाई'. काही रीत हाय का?"

"माणसाला मान दिला की माणूस डोक्यावर बसतो," ते म्हणाले. "गाय बसत न्हाई."

खरं तर मला पटलं होतं.

त्यांचा एक नेम होता. जनावराला जे काही करायचं ते आधी स्वतःला करून बघायचं. "ते मुकं हाय, त्याला तक्रार करता येत न्हाई. मला येते." पेंड आणली की आधी मूठभर स्वतः खायचे. चाटायची मिठाची वीट आणली की आधी स्वतः चाटायचे, मग कबरीपुढं टांगायचे, आणि जाता-येता परत एकदा चाटायचे. जंतांचं नवं औषध आलं ते त्यांनी असंच घेतलं. मग दोन दिवस ते बाभळीच्या आडच होते. तिसऱ्या दिवशी पिवळे पडून आले आणि म्हणाले, "औषध चांगलं हाय. पण कबरीबाईंना निम्मंच देऊ."

सरकारचे पिवळे बिल्ले आले, जनावरांच्या कानात मारायचे, तेव्हा तर त्यांनी कहर केला. पकड घेतली आणि आधी आपल्या डाव्या कानाच्या पाळीत बिल्ला मारला. बिल्ला मग काढला, पण भोक राहिलं. कबरीच्या कानाला त्यांनी आधी बर्फ लावला, मग हळूच बिल्ला मारला, आणि ती शेपूटसुद्धा न हलवता उभी राहिली. पोरं विचारायची, "डाक्टर, कानात भिकबाळी घालता का?" ते म्हणायचे, "सरकारनं मला गाय म्हणून नोंदलंय."

ते तेव्हा थट्टेनं म्हणाले होते.

मग ते पट्टे आले. लातूरच्या हापिसातली एक पोरगी आली, मॅडम, चुणचुणीत. तिनं सगळ्यांना शाळेच्या पटांगणात बसवलं आणि समजावलं. पट्टे पाठवलेत एका बर्फाच्या देशानं. त्यातून येणारी माहिती साठवायचं यंत्र दुसऱ्याच देशात. माहितीवरून हिशोब मांडणारी माणसं तिसऱ्या देशात. आणि गायी आमच्या. गाय कुठं आहे, किती चालते, किती बसते, किती वेळ रवंथ करते, हे गळ्यातला पट्टा शाळेवरच्या खांबाला सांगणार आणि खांब साऱ्या दुनियेला.

"पण कशाला?" मी विचारलं.

ती म्हणाली, गायीच्या ढेकरातून वायू निघतो, त्यानं पृथ्वी तापते. काय खाल्लं तर गाय नीट रवंथ करते, ढेकर कमी देते आणि दूधही देते, हे सगळ्या देशांनी मिळून शोधायचंय. शिवाय तिकडंही आता ऊन वाढलंय, तिकडच्या गायी धापा टाकतात. तुमची देवणी गाय एवढं ऊन, एवढासा चारा घेऊन टिकते कशी, ते त्यांना शिकायचंय. ह्याला शाश्वत विकास म्हणतात, म्हणजे कायम टिकणारा.

माझ्या घरात कायम टिकलेली वस्तू म्हणजे सासूचा पाटा. तो मला कधी आवडला नाही. पण आमच्याकडून कुणीतरी काही शिकायला येतंय, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. आजवर जो आला तो शिकवायलाच आला. म्हणून मी कबरीचं नाव दिलं. तिला सतरा नंबर मिळाला.

"माणसाच्या ढेकराचं काय करणार?" पट्टीबंधकांनी मागून विचारलं.

"काका, त्याचा अजून अभ्यास झाला नाही," मॅडम म्हणाली.

"मग करा. सरपंचापासून सुरू करा."

पट्टा घातल्यावर तिसऱ्या दिवशी कबरीच्या गळ्याचे केस झडलेले दिसले. पट्टा नवा, कडक, त्याची कड घासत होती. पट्टीबंधकांनी तो तिथल्या तिथं काढला. मी म्हटलं, मॅडमला सांगू. ते म्हणाले, "तिला काय सांगायचं? नवी वहाण चावते तेव्हा तू कुणाला सांगतीस? एरंडेल लावून घालून घालून मऊ करतीस ना? तसंच करायचं."

त्यांनी पट्ट्याला एरंडेल चोळलं आणि आपल्या गळ्यात घातला. गायीच्या गळ्याचा पट्टा, त्यांना दोन वेढे बसला. वरून मफलर गुंडाळला. चार दिवसांत मऊ होईल म्हणाले.

चार दिवसांचा महिना झाला. मी विचारलं की ते बोटानं कड दाबून बघायचे आणि म्हणायचे, "अजून जरा कडक हाय." उन्हाळा आला तरी मफलर निघेना. मला वाटतं त्यांना तो पट्टा आवडला होता. आपण बसलो, उठलो, झोपलो हे दूरदेशी कुणीतरी बघतंय, हे त्यांना बरं वाटत असावं. मी विचारलं नाही. विचारून काय करायचं?

एक दिवस मॅडमचा फोन आला. "आजी, तुमची गाय सगळ्यात पहिली आली! इतका रवंथ कुठल्याच देशातली गाय करत नाही. तिकडं सगळे विचारतायत, तुम्ही तिला खायला काय घालता?"

आता सांगायला पाहिजे की पट्टीबंधकांचं तोंड कधी बंद नसायचं. सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत पान. चंची कमरेला. सुपारी, कात, लवंग, आणि जबडा चालू. जेवायच्या आधी पान थुंकायचे आणि आंचवायच्या आधी दुसरं लावायचे. झोपेतसुद्धा गालात सुपारीचं खांड असायचं. हे सगळं त्या पट्ट्यानं इमानेइतबारे तिन्ही देशांना कळवलं होतं.

"काय घालता?" मॅडमनं परत विचारलं.

"पाला," मी म्हटलं. पान म्हणजे पालाच की.

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण मला मजा येत होती. चौथी शिकलेल्या बाईला तीन देशांना फसवायची संधी रोज मिळत नाही.

पावसाळ्यानंतर ते लोक गायी बघायला आले. मॅडमचा निरोप सकाळी आला, तेव्हा घाईघाईनं पट्टा कबरीच्या गळ्यात घातला. पाहुण्यांत बर्फाच्या देशातला एक उंच, लालबुंद माणूस होता. सतरा नंबर रोज यंत्रावर बघायचं काम त्याचंच होतं. तो मोठ्या मायेनं कबरीपुढं जाऊन उभा राहिला. कबरीनं त्याला बघून रवंथ थांबवला, तो पाहुणे जाईपर्यंत सुरू केला नाही.

त्यानं मॅडमकडून मला विचारलं, "तुमची गाय रोज सकाळी एक तास बसस्टँडवर का बसते?"

पट्टीबंधक तिथं चहाला जायचे.

"तिला माणसांत बसायची सवय हाय," मी सांगितलं.

"आणि दर गुरुवारी संध्याकाळी देवळात?"

"भजन ऐकते."

"आणि रात्री घराच्या पुढच्या खोलीत झोपते?"

"आमच्याकडं जनावराला घरच्यासारखंच वागवतात."

मॅडमनं माझ्याकडं जरा तिरकं बघितलं, पण सांगितलं सगळं. त्या माणसानं ते वहीत लिहून घेतलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. धुरानं आलं असेल, चूल पेटली होती.

तेवढ्यात पट्टीबंधक पुढं झाले. "ए, बूट काढ आधी. त्यांच्या निजायच्या जागेत उभा राहिलायस." मॅडमनं सांगितल्यावर त्यानं निमूट बूट काढले आणि शेणात मोज्यांनी उभा राहिला.

"हा पट्टा तू पाठवलास का?"

हो म्हणाला. म्हणाला, फार हलका आहे, गायीला जाणवतसुद्धा नाही.

"तू घालून बघितलास का?"

मॅडमनं विचारलं. तो गोंधळला. नाही म्हणाला.

"मग तुला काय ठाऊक?" पट्टीबंधक म्हणाले आणि पान थुंकायला बाहेर गेले. तो माणूस बराच वेळ पट्ट्याची कड अंगठ्यानं दाबून बघत राहिला.

गाड्या वळल्या न वळल्या तोच पट्टा परत मफलरखाली गेला.

तर येळवशीला फोन आला तो असा. खरं सांगितलं तर इतके महिने खोटं बोलले ते उघड होणार, पट्टा जाणार, गावात तोंड दाखवायला जागा नाही. पण ते तोंड घेऊन तरी काय करायचं होतं?

"पोरी, नीट ऐक," मी म्हटलं. "गाय माझ्यापुढं हाय, धडधाकट. पट्टा गायीच्या गळ्यात न्हाई. आमच्या पट्टीबंधकांच्या गळ्यात हाय. पहिल्यापासून हाय. माणूस पडलाय कुठंतरी."

मग ती म्हणाली, "म्हणून बसस्टँड!"

"व्हय. आता मला तो कुठं हाय ते सांग."

ती म्हणाली, मला इथून नेमकी जागा दिसत नाही, ती फक्त तिकडं दिसते, थांबा. तिनं दुसऱ्या फोनवर त्या लाल माणसाला धरलं. इंग्रजीत ती काय बोलली मला कळलं नाही, पण 'पट्टीबंधक' हा शब्द दोनदा आला आणि तिकडून कुणीतरी मोठ्यानं ओरडलं. मी तोवर माझ्या थोरल्याला, बळीला, हाक मारून ट्रॅक्टर काढायला लावला. पन्नाशीचा आहे, पण हाक एकदाच मारावी लागली.

"आजी, शाळेच्या खांबापासून ईशान्येला बाराशे मीटर."

"मला मीटर सांगू नको. झाड सांग, बोर सांग."

"तो म्हणतो, निळा चौकोन दिसतोय. मोठा."

"ते शेततळं. पुढं?"

"शेततळ्याच्या डाव्या हाताला..."

"डावा कुणाचा? त्याचा का माझा?"

तिनं तिकडं विचारलं. बर्फातला माणूस तिकडं नकाशा फिरवत असणार. "सूर्य मावळतो त्या बाजूला."

"असं सांग की! मावळतीला तूर हाय. तुरीपलीकडं नाला."

"हो, काळी वाकडी रेघ आहे म्हणतो. त्या रेघेतच. जिथं ती उसाकडं वळते."

"तिथं ऊस न्हाई. ऊस मागल्या साली होता. आता हरभरा हाय." मी बळीला म्हटलं, "चल, नाल्याच्या वळणावर."

ट्रॅक्टरवर मी बळीच्या मागं, कानाला फोन. माझा गुडघा जन्मात तेवढा हिसकला नसेल. वाटेत ज्यांची ज्यांची शेतं लागली ते जेवता जेवता उठून मागं पळत आले. मॅडम फोनवर सारखी म्हणत होती, "आजी, अजून रवंथ नाही. अजून नाही." मी म्हटलं, "गप की गं!" आणि फोन मात्र ठेवला नाही.

नाल्याच्या वळणावर ते सापडले. काठ ढासळला होता. ते खाली दगडांत पडले होते, मांडी अशी वळली होती की बघवेना. तोंड मातीसारखं झालेलं, ओठ निळे. डोळे मिटलेले. जबडा स्थिर. त्यांचा जबडा मी आयुष्यात पहिल्यांदाच स्थिर बघितला, आणि मला वाटलं, संपलं.

"ओ पट्टीबंधक!" मी वरून ओरडले. "उठा! भज्जी गार झाली!"

एक डोळा उघडला.

"आक्का," ते म्हणाले, आवाज वाऱ्यासारखा. "चंची तिकडं पडली. हात पुरंना."

दोन हातांवर चंची पडली होती. चालता चालता पान लावत होते, काठ बघितला नाही. दुपारपासून ती चंची बघत पडले होते. हाका मारून घसा बसला होता, ऐकायला जवळ कुणी नव्हतं.

मी सुपारीचं एक खांड त्यांच्या गालात सारलं. जबडा हळूच हलायला लागला. हातातला फोन बोलला, म्हणजे मॅडम ओरडली, "आजी! तिकडून सांगतायत, सुरू झाला! रवंथ सुरू झाला!" आणि तिला रडू फुटलं. मी तिला म्हटलं, रडायला सगळी हयात पडलीय, आधी उदगीरहून गाडी पाठव.

बाजेवर घालून चौघांनी वर काढलं, तेव्हा त्यांनी गळ्याशी हात नेला. पट्ट्याची कड दाबली.

"आता मऊ झाला बघ," ते बळीला म्हणाले. "त्यांना घालायला हरकत न्हाई."

उदगीरला मांडीत सळई घातली. आठ दिवसांनी मॅडम भेटायला आली, ती कागद घेऊनच. तिची पंचाईत झाली होती. यंत्रात गाय चरते, बसली, आजारी, मेली, विकली, एवढीच घरं होती. माणूस निघाली, असं घर नव्हतं. मांडीत सळई असलेली गाय कुणाला पटली नसती. शेवटी तिन्ही देशांनी मिळून विचार केला आणि सतरा नंबरपुढं मेली असं लिहिलं.

पट्टीबंधक खवळले. "कबरीबाई मेल्या? त्यांना विचारलंत का?"

मी मॅडमला म्हटलं, खोटं मी बोलले, माझ्या गायीला बाहेर काढा. तिनं काढलं नाही. कबरीला नवा नंबर दिला आणि तोच जुना, मऊ पट्टा. ह्या खेपेला तो गायीच्या गळ्यात राहिला, आणि पहिल्या महिन्याला कबरीचा रवंथ इतर गायींइतकाच भरला. बर्फाच्या देशातून मात्र एक निरोप आला. तिकडं आता नवा पट्टा तयार झाला की तो लाल माणूस आधी तीन दिवस स्वतःच्या गळ्यात घालून हिंडतो. पट्टीबंधकांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "शिकला. आता त्याला अहो म्हणायला हरकत न्हाई."

तिकडच्या कागदावर सतरा नंबर अजून मेलेलीच आहे. इकडं कबरी माझ्या दारात आहे, त्यानंतर दोनदा व्याली. आणि पट्टीबंधक त्या नाल्यातून जिवंत निघाले, आणि काठी टेकत आणखी तीन येळवशी माझ्या शेतात जेवले.